एकट्याने लिहायचे मागणीपत्र

प्रति,
महाराष्ट्रातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतील सर्व कर्मचारी

विषय : पगारवाढीच्या मागणीची पूर्वतयारी



पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांत कामगारांचा पगार वेतन करारातून ठरतो. कराराची मुदत संपत आली की युनियन मागणीपत्र तयार करते. त्यात महागाईचा हिशेब असतो, आसपासच्या कारखान्यांत झालेल्या करारांचे आकडे असतात, वाढलेल्या उत्पादनाचा दाखला असतो. वाटाघाटी महिनोन्‌महिने चालतात आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. याच औद्योगिक पट्ट्याला लागून हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. तिथली जमीनही एमआयडीसीचीच, पण पगार ठरवण्याची रीत अगदी निराळी. आयटीत सामूहिक वेतन कराराची प्रथा नाही. पुण्यातील नाइट्ससारख्या संघटना कर्मचारीकपात किंवा रुजू करून घेण्यातील दिरंगाई अशा प्रश्नांवर सरकारकडे दाद मागतात. वार्षिक वाढीचा आकडा मात्र प्रत्येकाचा वेगळा आणि गोपनीय राहतो. कारखान्यात युनियनचे कार्यालय जो गृहपाठ करते, तो इथे एकेका कर्मचाऱ्याला स्वतः करावा लागतो. हा गृहपाठ कशाकशाचा, ते या पत्रात क्रमाने मांडले आहे.

पैसा कधी ठरतो

बहुतेक भारतीय आयटी कंपन्यांचे वर्ष एप्रिल ते मार्च असते. परदेशी कंपन्यांच्या भारतातील काही केंद्रांत ते जानेवारी ते डिसेंबर चालते. वर्षाच्या शेवटी कर्मचारी स्वमूल्यमापन भरतो, मॅनेजर रेटिंग सुचवतो, मग अनेक टीमची रेटिंगे एकत्र ठेवून ती आपसांत जुळवली जातात आणि शेवटी पत्र हातात पडते. कर्मचाऱ्याला दिसतो तो एवढाच भाग. त्याआधी कंपनीने पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात पगारवाढीसाठी एक ठरावीक टक्का बाजूला काढलेला असतो. तो विभागाविभागांत वाटला जातो आणि मॅनेजरच्या वाट्याला त्यातला एक बंदिस्त तुकडा येतो. दहा जणांच्या टीमला सरासरी आठ टक्के मिळाले असतील, तर एकाला चौदा टक्के देण्यासाठी बाकीच्यांच्या वाढीला कात्री लागते. रेटिंगचेही असेच. वरच्या श्रेणीत किती जण बसवायचे याची मर्यादा अनेक कंपन्यांत आधीच ठरलेली असते.

म्हणून अप्रेझलच्या अखेरच्या बैठकीत प्रथमच मागणी मांडणे म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणे. त्या बैठकीत मॅनेजर निर्णय घेत नाही, झालेला निर्णय कळवतो. मागणीचा पहिला उच्चार रेटिंग ठरण्याच्या तीन-चार महिने आधी, म्हणजे एप्रिल-मार्च वर्ष असलेल्या कंपनीत साधारण दिवाळीच्या सुमारास व्हायला हवा. तेव्हा मॅनेजरला वरिष्ठांकडे शब्द टाकायला वेळ असतो आणि कर्मचाऱ्याला उरलेल्या महिन्यांत उणिवा भरून काढता येतात.

वेळापत्रकही पक्के नसते. टीसीएसमध्ये वाढ सहसा एप्रिलपासून लागू होते. 2025 मध्ये ती पुढे ढकलून बहुसंख्य कर्मचाऱ्यांना सप्टेंबरपासून देण्यात आली, आणि त्याच वर्षी कंपनीने सुमारे दोन टक्के मनुष्यबळ कमी करण्याचेही जाहीर केले. अशा वर्षी मागणी करू नये असे नाही. मात्र तिचा आकडा आणि सूर कंपनीचे तिमाही निकाल वाचून ठरवावा.

आजचा पगार नेमका किती

वाढ मागण्याआधी आज हातात काय पडते हे अचूक माहीत हवे. सीटीसी म्हणजे कंपनीला कर्मचाऱ्यापोटी येणारा एकूण खर्च. त्यात मूळ वेतन, घरभाडे भत्ता आणि विशेष भत्ता असतो. कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी (पीएफ), ग्रॅच्युइटीची तरतूद आणि कामगिरीवर अवलंबून असलेला व्हेरिएबल हिस्साही असतो. काही कंपन्या आरोग्य विम्याचा हप्तासुद्धा त्यातच धरतात.

बारा लाखांच्या सीटीसीचे एक सोपे उदाहरण घेऊ. मूळ वेतन निम्मे, म्हणजे सहा लाख. त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्क्यांनी 72,000 रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या 4.81 टक्के, म्हणजे 28,860 रुपये. हा विचित्र दिसणारा आकडा 1972 च्या कायद्यातील सूत्रातून येतो : सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिना सव्वीस दिवसांचा. कायम कर्मचाऱ्याने पाच वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ही रक्कम सहसा हाती लागत नाही. व्हेरिएबल दहा टक्के, म्हणजे 1,20,000 रुपये. हे सगळे वजा केल्यावर निश्चित रोख पगार उरतो वर्षाला 9,79,140, महिन्याला 81,595 रुपये. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ 6,000 आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200 रुपये कापला की बँकेत जमा होतात 75,395 रुपये. महिना लाखाचा वाटणारा पगार प्रत्यक्षात पंचाहत्तर हजारांचा असतो.

आता याच पगारावर दहा टक्के वाढ मिळाली, पण बढतीबरोबर व्हेरिएबलचा वाटा दहावरून पंधरा टक्क्यांवर गेला असे समजा. सीटीसी 13,20,000, मूळ वेतन 6,60,000, कंपनीचा पीएफ 79,200, ग्रॅच्युइटी 31,746, व्हेरिएबल 1,98,000. निश्चित रोख पगार महिन्याला सुमारे 84,255 आणि कपातीनंतर हातात सुमारे 77,455 रुपये. पत्रावर दहा टक्के वाढ असली तरी दरमहा खात्यात वाढले दोन हजार साठ रुपये, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. वाढ कोणत्या रकमेवर मागायची, सीटीसीवर की निश्चित पगारावर, हे म्हणूनच आकडा ठरवण्याच्याही आधी ठरवावे लागते. व्हेरिएबल गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष किती टक्के मिळाले, तेही पगारपत्रकांवरून काढून ठेवावे.

पगाराची रचना कायद्यानेही बदलते. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या कामगार संहितांनुसार वेतनाच्या व्याख्येबाहेरचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर जास्तीचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ वेतन फार कमी दाखवणाऱ्या कंपन्यांत यामुळे ग्रॅच्युइटीचा हिस्सा वाढू शकतो आणि तेवढ्याच सीटीसीत रोख भाग घटू शकतो. रचना बदलल्यामुळे झालेला फरक आणि खरी वाढ यांची गल्लत होऊ देऊ नये.

महागाई आणि कर

वाढीचा काही भाग केवळ जागच्या जागी राहण्यासाठी लागतो. देशातील किरकोळ महागाईचा सरासरी दर 2022–23 मध्ये 6.7 टक्के, 2023–24 मध्ये 5.4 टक्के आणि 2024–25 मध्ये 4.6 टक्के होता. तिन्ही वर्षांचा एकत्रित परिणाम साडेसतरा टक्क्यांच्या थोडा वर जातो. ज्याचा पगार या काळाच्या सुरुवातीला आठ लाख होता, त्याला तीच क्रयशक्ती टिकवायला शेवटी सुमारे नऊ लाख एकेचाळीस हजार लागतात. त्याहून कमी मिळत असेल तर पगार आकड्याने वाढूनही मोलाने घटला आहे. महागाईचा मुद्दा मागणीचा तळ दाखवायला उपयोगी पडतो. पण तो सर्वांनाच लागू असल्यामुळे एका व्यक्तीला जास्त का द्यावे, याचे उत्तर त्यात नसते.

कराचा हिशेब 2025–26 पासून एका पट्ट्यात विशेष जपून करावा लागतो. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. पगारदारांना 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा 12,75,000 पर्यंत जाते. तिच्या थोडे वर गेल्यावर एकदम साठ हजारांहून अधिक कर बसू नये म्हणून सीमान्त सवलत आहे, पण तिचे सूत्र असे की बारा लाखांवरचे जेवढे उत्पन्न, तेवढाच कर, आणि शिवाय चार टक्के उपकर. करपात्र उत्पन्न साधारण बारा लाख सत्तर हजारांपर्यंत पोहोचेतो बारा लाखांवरच्या वाढीची सारी रक्कम, उपकर धरून थोडी जास्तच, करात जाते. या पट्ट्यात येणाऱ्याने एक तर तो ओलांडून जाईल इतकी वाढ मागावी, नाही तर वाढीचा भाग कंपनीच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेतील (एनपीएस) अंशदानातून घ्यावा. मूळ वेतनाच्या 14 टक्क्यांपर्यंतचे हे अंशदान नव्या प्रणालीतही करपात्र उत्पन्नातून वजा होते.

बाजारभाव कसा काढावा

एकच पद आणि तेवढाच अनुभव असला तरी कंपनीचा प्रकार बदलला की पगार बदलतो. सेवा कंपनी मनुष्यबळाचे तास विकते. तिचा नफा ग्राहकाकडून मिळणारा दर आणि कर्मचाऱ्याचा खर्च यांतल्या अंतरावर उभा असतो. उत्पादन कंपनीत आणि परदेशी उद्योगांच्या जागतिक क्षमता केंद्रांत (जीसीसी) हे गणित वेगळे असते. खराडीतील एखाद्या बँकेच्या जीसीसीमधला आकडा हिंजवडीतील सेवा कंपनीच्या मॅनेजरपुढे ठेवला, तर तो ‘तुलनाच होत नाही’ म्हणून बाजूला सारेल, आणि त्यात त्याचे फारसे चुकणार नाही. तुलना आधी स्वतःच्याच प्रकारच्या कंपन्यांशी, त्याच शहरात, त्याच तंत्रज्ञानात करावी. दुसऱ्या प्रकारच्या कंपन्यांचे आकडे नोकरी बदलण्याच्या विचारासाठी वेगळे ठेवावेत.

ग्लासडोर, अँबिशनबॉक्स अशा संकेतस्थळांवरचे आकडे लोकांनी स्वतःहून भरलेले असतात. त्यांत जुनी-नवी माहिती मिसळते, सीटीसी आणि निश्चित पगारही मिसळतात. त्यांवरून नेमका आकडा नव्हे, पगाराचा पट्टा काढावा. रिक्रूटरचे फोन हा त्याहून ताजा स्रोत. ‘या पदासाठी बजेट किती?’ एवढा प्रश्न चार-पाच जणांना विचारला की चित्र बरेच स्पष्ट होते.

एका भक्कम स्रोताकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही : शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 197 प्रमाणे अशा कंपनीला संचालकांच्या मोबदल्याचे कर्मचाऱ्यांच्या मध्यम वेतनाशी असलेले प्रमाण जाहीर करावे लागते. मध्यम वेतन वर्षभरात किती टक्क्यांनी वाढले आणि उच्च व्यवस्थापन वगळता इतरांच्या पगारात सरासरी किती वाढ झाली, हेही नियमांनुसार द्यावे लागते. सेबीने बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना बंधनकारक केलेल्या शाश्वतता अहवालात पुरुष आणि स्त्री कर्मचाऱ्यांचे मध्यम वेतन वेगवेगळे दिलेले असते. स्वतःची वाढ कंपनीच्या सरासरीच्या वर आहे की खाली, हे यावरून कळते, आणि कंपनीने स्वतःच छापलेला आकडा ‘ऐकीव’ म्हणून झटकता येत नाही.

स्त्री कर्मचाऱ्यांसाठी या तुलनेला कायद्याचाही आधार आहे. त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून वेतनात भेद करण्यास कामगार संहितांपैकी वेतन संहिता मनाई करते. तिच्याआधी 1976 चा समान वेतन कायदा हेच सांगत होता. बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांच्या रजेनंतर परतणाऱ्या कर्मचारिणीने त्या वर्षाचे मूल्यमापन कोणत्या महिन्यांच्या कामावर होणार, हे लेखी विचारून घ्यावे. रजेमुळे सरासरी रेटिंग मिळाले तर त्याचा परिणाम पुढच्या वर्षांच्या वाढीवरही साचत जातो.

कामाचा दाखला

मागणीचा गाभा म्हणजे कामाचा पुरावा. ‘खूप मेहनत केली’, ‘उशिरापर्यंत थांबलो’ ही विधाने खरी असली तरी रेटिंग जुळवण्याच्या बैठकीत ती टिकत नाहीत, कारण तिथे कर्मचारी हजर नसतो आणि मॅनेजरला दुसऱ्या मॅनेजरांपुढे दोन-तीन वाक्यांत त्याची बाजू मांडायची असते. ती वाक्ये त्याच्या हाती आयती पडतील असा दाखला हवा. रात्रीचे बॅच प्रोसेसिंग सहा तासांवरून दोन तासांवर आले. रिलीजनंतरच्या गंभीर त्रुटी निम्म्या झाल्या. क्लाउडचे मासिक बिल अमुक रकमेने उतरले. दोन नवे सहकारी तयार होऊन ग्राहकाच्या कामावर लागले : अशा नोंदींत आधीची स्थिती, केलेले काम आणि नंतरची स्थिती तिन्ही येतात. टीमच्या कामात स्वतःचा भाग कोणता, हेही स्पष्ट असावे.

या नोंदी महिन्याच्या महिन्याला करणे शहाणपणाचे. मार्चमध्ये बसून मागच्या जूनमधला प्रॉडक्शनचा घोळ कसा निस्तरला, हे आठवत नाही. मॅनेजरला तर नाहीच. ग्राहकाचा कौतुकाचा मेल आला तर त्याची तारीख आणि आशय टिपून ठेवावा. मात्र ग्राहकाची कागदपत्रे, कोड किंवा कार्यालयीन मेल स्वतःच्या खासगी खात्यावर पाठवू नयेत. गोपनीयतेच्या कराराचा तो भंग ठरतो आणि वाढ बाजूला राहून नोकरीवर बेतते.

कंपनीच्या दृष्टीने कामाचे मोल कसे मोजले जाते, तेही समजून घ्यावे. सेवा कंपनीत कर्मचारी किती दिवस ग्राहकाच्या कामावर, म्हणजे बिलेबल, होता आणि किती दिवस कामावाचून बेंचवर, हा आकडा मॅनेजरपुढे असतो. बेंचवरच्या काळात मागणीचे बळ घटते, म्हणून तो काळ प्रमाणपत्रे आणि अंतर्गत प्रकल्पांनी भरलेला दिसावा. शिवाय वाढ आणि बढती या दोन वेगळ्या मागण्या आहेत. प्रत्येक श्रेणीला पगाराचा किमान-कमाल पट्टा असतो. कर्मचारी त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला पोहोचला असेल, तर उत्तम रेटिंगनेही फार काही हाती येत नाही. अशा वेळी बढतीचीच मागणी करावी आणि वरच्या श्रेणीचे काम आधीच होत असल्याचा दाखला द्यावा.

आकडा आणि पर्याय

मागणीचे तीन आकडे कागदावर लिहून काढावेत. पहिला तळाचा : महागाई धरून ज्याच्या खाली गेल्यास दुसरी नोकरी शोधायची तो. दुसरा रास्त : बाजारभाव आणि कामाचा दाखला यांवर टिकणारा. तिसरा तोंडी मांडायचा : रास्त आकड्याच्या थोडा वर, पण समर्थन करता येईल इतकाच. मॅनेजरपुढे फक्त तिसरा ठेवावा. आकडा निश्चित पगाराच्या भाषेत सांगावा आणि घरखर्च, कर्जाचे हप्ते किंवा शेजारच्या सहकाऱ्याचा पगार यांवर तो टेकवू नये. पूर्ण रक्कम शक्य नसेल तर काय चालेल, याची यादीही तयार हवी : सहा महिन्यांनी मधली सुधारणा, एकरकमी बोनस, शेअर, प्रमाणपत्राचा खर्च, घरून कामाचे दिवस. एकरकमी बोनस पुढच्या वर्षीच्या वाढीचा पाया होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

हातात दुसरी ऑफर असली की बळ वाढते. पण ते किती, हे बाजारावर ठरते. एप्रिल-जून 2022 च्या तिमाहीत इन्फोसिसमधील नोकरी सोडण्याचे वार्षिक प्रमाण 28.4 टक्क्यांवर होते. मार्च 2024 पर्यंत ते 12.6 टक्क्यांवर आले. पहिल्या काळात ऑफर दाखवताच मिळणारी वाढ दुसऱ्या काळात तितक्या सहज मिळत नाही. खोटी ऑफर कधीच सांगू नये. ‘मग जा’ असे उत्तर आले तर जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही, किंवा शब्द गिळून बसावे लागते. खरी ऑफर असली तरी आयटीतला नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड, तो विकत घेण्याची रक्कम, ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास जॉइनिंग बोनस परत करण्याची अट आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षे किती जवळ आली आहेत, हे सगळे हिशेबात धरावे. राजीनामा दिल्यावर मिळणारी काउंटर ऑफर लेखी नसेल तर ती धरून चालू नये.

बैठक आणि त्यानंतर

बैठकीसाठी स्वतंत्र वेळ मागावी. रोजच्या स्टँडअपच्या शेवटी किंवा कॅफेटेरियात हा विषय काढू नये. मेलमध्ये ‘गेल्या वर्षाचे काम आणि मोबदला यांवर बोलायचे आहे’ एवढे लिहिले तरी पुरते, म्हणजे मॅनेजरही तयारीने येतो. बैठकीत आधी कामाचा दाखला, मग बाजारभाव, मग आकडा असा क्रम ठेवावा. आकडा सांगितल्यावर थांबावे. तो सांगताक्षणी ‘थोडे कमी असले तरी चालेल’ असे जोडले की वाटाघाट तिथेच संपते.

उत्तरे बहुधा ओळखीची असतात. ‘या वर्षी बजेट नाही’ म्हटले तर पुढचे बजेट कधी ठरते आणि त्यात आपले नाव घालण्यासाठी काय लागेल, असे विचारावे. ‘सगळ्यांना तेवढेच’ म्हटले तर वार्षिक अहवालातील सरासरी आणि स्वतःच्या कामातील फरक दाखवावा. ‘एचआर ठरवते’ म्हटले तर मॅनेजर स्वतः शिफारस करणार का, आणि कोणत्या शब्दांत, हे जाणून घ्यावे. आवाज चढवणे, राजीनाम्याची धमकी देणे किंवा सहकाऱ्याच्या कामात उणे काढणे यांमुळे मॅनेजर बाजू मांडणारा न राहता प्रतिपक्ष होतो, आणि आयटीत त्याच्यावाचून बाजू मांडणारा दुसरा कोणी नसतो.

बैठक झाल्यावर त्याच दिवशी झालेल्या बोलण्याचा सारांश मेलने पाठवावा : काय मान्य झाले, काय तपासायचे ठरले, कोणत्या तारखेपर्यंत. मॅनेजर बदलला किंवा दुसऱ्या प्रोजेक्टवर गेला तर तोंडी आश्वासन त्याच्याबरोबर जाते. मेल मागे राहतो. नकार मिळाला तर त्याची कारणे मोजता येतील अशा अटींत उतरवून घ्यावीत आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरवावी. दोन फेऱ्यांनंतरही अटी बदलतच राहिल्या, तर तळाचा आकडा ज्यासाठी लिहिला होता ती वाट धरावी.

वाढ मिळाल्यावर सुधारित पत्रात चार गोष्टी तपासाव्यात : लागू होण्याची तारीख, निश्चित आणि व्हेरिएबल यांची विभागणी, मूळ वेतन, आणि एकरकमी रक्कम परत करण्याच्या अटी. वाढ मागील तारखेपासून असेल तर फरकाची थकबाकी पुढच्या पगारात आली का, टीडीएसचा आकडा नव्या उत्पन्नाप्रमाणे बदलला का आणि पीएफ नव्या मूळ वेतनावर कापला गेला का, हे पहिल्या पगारपत्रकावरूनच पाहावे. चूक आढळली तर ती त्याच महिन्यात वेतन विभागाला लेखी कळवावी, कारण आर्थिक वर्ष उलटल्यावर दुरुस्तीत कराचाही गुंता वाढतो.

कळावे,
या क्षेत्राचा एक अभ्यासक